सातवी खुंटी

मी तीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होते. समोरचा बोलेल तेवढंच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हे वळण हातात मुरलंय. म्हणूनच ग्रंथालयानं मला हे काम दिलं असावं. समुद्राकाठचं आमचं शहर ज्यांनी उभं केलं, ती माणसं आहेत तोवर त्यांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या. मी शहात्तर वर्षांची, पण त्यांच्यापुढे पोरच.

पहिले बसले मोजणीदार. सत्त्याऐंशी वर्षांचे, आवाज खणखणीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी जुना नकाशा पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

"हा रस्ता बघ, पोरी. नकाशावर मोजणीच्या दहा खुंट्या, जमिनीवर नऊ. आता हसू नकोस! जहाजांचा धक्का बांधून दोन वर्षं झाली होती. एक मुलगी यायची, दुधाचे दात पडलेली. म्हणाली, मी मोजू? म्हटलं, मोज. पाच, सहा, आठ! मी आपला तिच्या भरवशावर दहा लिहून मोकळा."

मी लिहीत होते. पेन्सिल थांबली नाही, फक्त टोक मोडलं.

माझी धाकटी बहीण असंच मोजायची. आई म्हणायची, "अगं, सातानं तुझं काय घोडं मारलंय?" ती पाच वर्षांची, मी नऊ. नव्या धक्क्याला पहिलं जहाज लागलं त्या सकाळी सगळं गाव तिथं लोटलं होतं. आईनं तिचा हात माझ्या हातात दिला. दुपारी मी एकटी घरी आले. तीन दिवस पाणी धुंडाळलं, काही मिळालं नाही. आई मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं काचेचं भांडं कधी माझ्या हातात दिलं नाही.

मुलं चुकीचं मोजतातच, अशी मी मनाची समजूत घातली.

मग नळवाले भेटले. शहरातली पहिली मोठी पाइपलाइन त्यांनी टाकली होती. जोडणीचं सगळं बारकाईनं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "एक पोरगी पाइपांवरून चालायची, मोजत. बारा-तेराची असेल. पडेल म्हणून आम्ही हात पुढे करायचो, पण हात धरू द्यायची नाही. गणितात मात्र कच्ची. सात गाळायची."

मी तारीख विचारली. घरी येऊन वजाबाकी केली. धाकटी त्या साली बाराची झाली असती.

पहिल्या बसचे कंडक्टर तर न विचारताच बोलले. "नऊ थांबे होते, बाई. ती दहा मोजायची. अठरा-एकोणीस वर्षांची, वेणीतून पाणी निथळतंय. रोज शेवटच्या थांब्यावर उतरायची, समुद्राजवळ."

"चढायची कुठून?"

कंडक्टरांनी हनुवटी खाजवली. "ते बघा ना. उतरताना रोज बघितली. चढताना एकदाही नाही."

त्यानंतर पंधरा दिवस मी कुणाकडे गेले नाही. ग्रंथालयाचे दोन फोन येऊन गेले. शेवटी नाव उरलं मेट्रनचं. पहिल्या इस्पितळातलं पहिलं बाळंतपण त्यांच्या हातचं. त्या ऐंशीच्या, खुर्चीत ताठ, कपाटात जुन्या वह्यांची चळत.

"पहिली बाई आली ती चालत, एकटी," त्या सांगू लागल्या. "कळा मोजत होती मोठमोठ्यानं. मी म्हटलं, बये, एक कळ फुकट चालली तुझी!"

मी पेन्सिल खाली ठेवली. समोरच्याचं बोलणं अर्धं असताना, आयुष्यात पहिल्यांदा.

"मेट्रन, ती घरच्यांबद्दल काही बोलली?"

"विचारलं ना मी. म्हणाली, ताई आहे. बिचारीला वाटतं, तिनंच माझा हात सोडला."

मी खुर्ची जवळ ओढली.

"म्हणाली, ताई कुठली सोडतेय! घट्ट धरला होता, बोटं दुखत होती माझी. मीच हिसडा मारला. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी चमकत होतं, ते बघायचं होतं मला."

खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी रडले नाही. उजव्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात एकदम हलका झाला, इतकंच. तो जड होता हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं.

"मुलगी झाली," मेट्रन म्हणाल्या. "दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी गेल्या."

"कुठं?"

"छापील फॉर्म नव्हते तेव्हा. मी वहीतच लिहायची." त्यांनी सर्वांत खालची वही ओढून पान काढलं. शाई तपकिरी पडली होती, अक्षर त्यांचंच. बहिणीचा पत्ता, असं लिहून पुढे रस्त्याचा क्रमांक, चौथा मजला, समुद्राकडचं घर.

मी दोनदा वाचलं. पत्ता माझ्या आताच्या घराचा होता. ती इमारत बांधून अकरा वर्षं झाली. भराव टाकण्याआधी तिथं समुद्रच होता. मेट्रननी नोंद केली त्या साली भरतीला दोन पुरुष खोल पाणी असायचं.

"सापडली का हो पुढे तिला ताई?" मेट्रननी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

माझा पुतण्या परवा पुन्हा येऊन गेला. म्हणाला, "काकू, चार जिने चढायचं वय आहे का तुझं? चल आमच्याकडे." मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "आता मी घर बदलणार नाही."