फुटलेल्या बांगड्यांचा भाव

टिण…

एवढाच आवाज. काचेची बांगडी लाकडावर आपटावी तसा.

खोटं रचायला मला वेळ कुठाय? लेक वृंदा निजली की मिळेल तेवढ्यात हे लिहितेय. यंदाच्या, म्हणजे १९८७च्या उन्हाळ्यातलं आहे. जागा आमचंच बांगड्यांचं दुकान, मन्नाएखेळ्ळी गावातलं. वेळ भर दुपारची.

दुकान ह्यांचं, नागनाथरावांचं. हैदराबादेहून माल आणताना लॉरी उलटली. हे गेले.

पेट्या मात्र घरी आल्या. कितीतरी बांगड्या फुटून.

दीर अंकुशराव म्हणाले, "वैनी, दुकान इकून टाकू. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"आधी हा माल तर खपू द्या," मी म्हटलं.

पण भाव काढायचा कसा? ते काम ह्यांचं. मला शिकवताना चिडवायचे.

"बिलाचा भाव येगळा, घरात पडला तो येगळा. आधी वटावाची सूट वजा कर. मग लॉरीचं भाडं घाल, हमाली घाल. अन् सगळा खर्च साबूत बांगड्यांवरच वाट. फुटलेल्या कोण घेणार? तू?"

मी चुकले की बोलायचे नाहीत. हातातली बांगडी फळीवर आपटायचे. बस.

त्या दुपारी वृंदाची पाटी घेऊन पहिल्या पेटीचा हिशोब मांडला. रस्ता रिकामा. वारा पडलेला. फुटलेल्या बांगड्या वेगळ्या काढायला हात होईना. त्याही धरूनच भागाकार केला.

टिण…

माझ्या हातात आता बांगडी नाही. वृंदा आत झोपलेली.

शेजारच्या अक्कम्माला हाक मारली. ती हसली. "उंदीर असंल गं. काचेचं दुकान हाय, वाजणारच की!"

ती गेल्यावर पाटी पुसली. फुटलेल्या सोडून पुन्हा मांडलं.

शांत…

मग दर पेटीला तेच. हमाली विसरले… टिण. वटाव राहिला… टिण.

भाव बरोबर निघू लागले. माल खपू लागला. दिरांनी दुकान विकायचा विषय सोडला.

आणि मी शिकले. चुकेनाशी झाले.

आवाज थांबला.

ते मला सोसेना.

शेवटची पेटी मी विकायला काढलीच नाही. रोज दुपारी तिचा हिशोब मांडायचा. रोज मुद्दाम काहीतरी विसरायचं.

आवाज यायचा. तोंडात पदर कोंबून मी रडायचे. "थोडं थांबा हो," म्हणायचे.

पण आवाज बारीक होत चालला. उशिरा येऊ लागला. कुणी फार लांबून, पाय ओढत यावं तसा…

काल मी फुटलेल्या बांगड्या सोडल्याच नाहीत. वाट बघत बसले.

काही नाही…

काहीच नाही…

मग, टि… अर्धाच.

मागे वृंदा उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. फळीपलीकडे, ह्यांच्या रिकाम्या गादीकडे बघत होती.

"आई, नीट मांड की गं. येतंय की तुला."

"कोण म्हणालं?"

"अप्पा लई दमलेत. पाय दुखायलेत त्यांचे."



वृंदानं माझा पदर धरला. हळूच विचारलं,

"तू त्यांना जाऊ कामून देईनास?"