उसवण

पायाचं सूप थंड झालं की वाटीत थरथरत गोठतं. हाडांभोवतीचं कोलॅजेन उकळत्या पाण्यात उतरलेलं असतं, ते पुन्हा एकमेकांना धरतं.

*

कर्णबधिर शाळेत ‘ये’ म्हणायला बोटं आपल्याकडे वळवतात. हेमांगी कुरुंदवाडे या शिक्षिकेची बोटं आजारानं अर्धवट वळून तशीच ताठ झाली. पहिलीतली मुलं दिवसभर उठून तिच्याजवळ येऊ लागली.

*

प्रयोगशाळेतला नियम: चावा, ओरखडा किंवा जुनी खूण असलेला उंदीर प्रयोगातून बाद. कातडीचा कडकपणा मोजताना आकडे बिघडतात.

*

शिडाच्या जहाजांवर महिनोन्‌महिने ताजं फळ मिळायचं नाही. खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत. काहींच्या अंगावरच्या, कधीच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत.

*

उपचार सुरू होण्याआधी.

कोल्हापूरजवळच्या एका संशोधन केंद्रात विकरतज्ज्ञ डॉ. यास्मिन मुजावर हेमांगीला सगळं समजावत होती. शेजारी हेमांगीचा नवरा श्रीपाद बसला होता. तो फाउंड्रीत साचे बनवायचा आणि जन्मापासून बहिरा होता.

“कोलॅजेन म्हणजे धागे,” यास्मिन म्हणाली. “धाग्याला धागा टाचणारा एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतो. तो हवाच. नाहीतर कातडीला धरून कोण ठेवणार? तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर चालून जाते. पेशी भसाभस धागे बनवत सुटतात, आणि टाके घालणारा हा विकर थांबतच नाही.”

“म्हणजे शिवणयंत्रावरचा पाय उचलायचा विसरलाय,” हेमांगी म्हणाली. तिचं तोंड चमचा जाईल एवढंच उघडत होतं.

“अगदी. आम्ही उलटं काम करणारा विकर घडवलाय. त्याला उसवक म्हणतो. जिथं टाके दाट, तिथं तो चिकटतो आणि ते कापतो. तो बनवायची कृती एकदा इंजेक्शनातून दिली, की तुमच्याच पेशी तो बनवत राहतात.”

“आणि थांबवायचा झाला तर?”

“विराम नावाचं दुसरं इंजेक्शन आहे,” त्वचारोगतज्ज्ञ डॉ. दिगंबर सासने म्हणाले. “पण ते एकदाच. विराम दिला की शरीर उसवकाला ओळखून बसतं. उसवक पुन्हा दिला तर त्याला टिकूच देत नाही. मग तुमचा आजार परत येणार, आणि आमच्याकडे दुसरं काही नाही. आणखी एक. माणसांमध्ये तुम्ही पहिल्या.”

हेमांगीनं हे सगळं श्रीपादला हातांनी सांगितलं. तिच्या ताठ बोटांतून जे बाहेर पडलं ते बघून तो खो-खो हसायला लागला.

“काय झालं?” सासनेंनी विचारलं.

“मी म्हणे त्याला सांगितलं, डॉक्टर मला एकदाच चावणार आहेत.”

*

हेमांगीच्या बोटांत परत आलेले शब्द, आले त्या क्रमानं: पाणी. मीठ. नको. उद्या. वेडा.

‘वेडा’ परत आला त्या दिवशी जेवण होईपर्यंत श्रीपादला तो शब्द बघावा लागला.

*

उपचार सुरू झाल्यावर, उन्हाळ्यातली एक दुपार.

हेमांगी आली ती डाव्या बाहीवर रक्ताचा डाग घेऊन. मागोमाग श्रीपाद.

“फोडबिड असेल,” सासने म्हणाले आणि त्यांनी बाही वर सरकवली.

दंडावर, लहानपणी क्षयाची लस टोचतात त्या जागी, वाटाण्याएवढी जखम होती. लाल, ओली, काल झाल्यासारखी.

“इथं लसीची खूण असेल ना तुमची?”

“होती की. काल होती.” हेमांगीनं सलवार गुडघ्यापर्यंत ओढली. “आणि हे बघा. सकाळी उठले तर हे.”

गुडघा फुटला होता.

“कुठं पडलात?”

“पंचगंगेच्या घाटावर.”

“कधी?”

“चौथीत असताना.”

यास्मिननं दिवा जवळ ओढला. जखमेच्या तळाशी काळ्या दगडाचा एक कण चमकत होता. तिनं तो चिमट्यानं उचलला आणि उजेडात धरला. चौथीतल्या एका संध्याकाळी आत गेलेली कच.

“सर, ही नवी जखम नाही. ही तीच आहे.”

“काहीतरीच काय बोलता? तीस वर्षांपूर्वी भरलीय ती.”

“भरली म्हणजे मिटली असं नसतं. वण म्हणजे कोलॅजेनचं ठिगळ. शरीर जन्मभर त्याची डागडुजी करतं, जुने टाके काढतं, नवे घालतं. जहाजावरच्या खलाशांना क जीवनसत्त्व मिळेना, तेव्हा नवे टाके धरेनात, आणि ठिगळं सुटली. आपण तर आहेत तेच टाके कापतोय. उसवकाला फक्त दाट टाके कळतात. ते आजारानं घातलेत की जखम भरताना, हे त्याला कसं कळणार?”

“मग उंदरांमध्ये का नाही दिसलं?”

यास्मिन त्यांच्याकडे बघत राहिली. “वण असलेला उंदीर आपण घेतलाच कुठं, सर?”

सासने स्टूल समजून कचऱ्याच्या डब्यावर बसले. आणि तसेच बसून राहिले.

“माझ्याबद्दलच बोलताय ना?” हेमांगी म्हणाली. “मग जरा माझ्याकडे बघून बोला.”

यास्मिन तिच्यासमोर बसली. “बाहेरच्या जखमा आम्ही सांभाळू. भीती आहे ती आतल्या वणांची.”

“आत पण वण असतात?”

“क्षय होऊन बरा झाला तर फुप्फुसात. अल्सर भरला तर पोटात. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तर हृदयाचा मेलेला तुकडा कोलॅजेननंच सांधलेला असतो. ते ठिगळ सुटलं तर रुग्णालयात न्यायलाही वेळ मिळणार नाही.”

“मला यातलं काही झालं नाही.”

“नाहीच,” सासने डब्यावरून म्हणाले. त्यांना काहीतरी खात्रीचं सांगायला मिळालं होतं. “चाचणीत घेताना आम्हीच तपासलंय. छातीचा फोटो स्वच्छ. हृदयाचा आलेख स्वच्छ.”

“तरी मी म्हणते, विराम देऊ. आत्ता.”

हेमांगीनं आपली बोटं सरळ केली, मिटली, पुन्हा सरळ केली. “दिला तर हे जाणार?”

“हळूहळू. हो.”

तिनं श्रीपादला सगळं सांगितलं. आता तिचे हात झरझर चालत होते. तो मधेच उठला. दोन्ही तळवे त्यानं आडवे कापल्यासारखे फिरवले, एकदा, दोनदा.

“काय म्हणतात?” सासनेंनी विचारलं.

“चालू ठेवा म्हणतोय.”

श्रीपादनं टेबलावर हात आपटला. चिमटा खाली पडला. इतकी वर्षं तिचे ओठ धड हलत नव्हते, त्यामुळे ते त्याला वाचता येत नसत. आता येत होते.

मग दोघांचं भांडण जुंपलं. खोलीत फक्त बांगड्यांचा आणि श्वासांचा आवाज. हेमांगीच्या दंडावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला, तरी तिचा हात थांबेना. शेवटी श्रीपाद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्यापुरतं ते कान बंद करून घेणं होतं.

“तो म्हणतो, आधी जिवंत राहा, मग बोलू,” हेमांगी म्हणाली. “मी म्हटलं, बोलणार कशानं?”

“हेमांगीताई...”

“आजार माझा आहे ना? विराम नको. हे तेवढं बांधून द्या.”

यास्मिननं दंड बांधला, गुडघा बांधला. “उद्या सकाळी उपाशीपोटी या. सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या.”

“येते की.”

खिडकीतून यास्मिनला ते दोघं स्कूटरपाशी दिसले. अजून भांडत होते. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून श्रीपादनं स्कूटरची किल्ली दातांत धरली होती.

*

चाचणीत घेतानाच्या तपासण्या झाल्यानंतर आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधी, दिवाळीत, हेमांगीच्या छातीत जळजळून तिला दरदरून घाम आला होता. फराळाचं पित्त समजून तिनं थंड दूध घेतलं, आणि दोन दिवसांत ते थांबलं.