एका श्वासाची रेघ

इला मावशी मे महिन्यात बोरगाव मेघेला यायची, तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि बटर पेपरच्या गुंडाळ्याच जास्त असायच्या. पुण्यात ती डिझायनर होती. अक्षरांवर तिचं असं काही प्रेम होतं की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं! वर्ध्याच्या भर बाजारात, डोकं फुटेल अशा उन्हात, ती एखाद्या जुन्या पाटीसमोर थांबायची आणि ओरडायची, "आचल, हा क्ष बघ! त्याची कंबर बघ!" बाजूचा रसवंतीवाला उसाचं कांडकं हातात धरून क्ष नावाचं कोण चाललंय ते शोधत राहायचा.

आचल म्हणजे तिची अकरावीतली भाची. शिडी धरणं, धूळ पुसणं, दुकानदारांना गोड बोलून पटवणं, ही सगळी खाती तिच्याकडे. आणि तिला ती फार आवडायची, कारण त्या पाट्या नानांच्या होत्या.

नाना म्हणजे आचलच्या आईचे आणि मावशीचे वडील. अर्ध्या वर्ध्याच्या दुकानांची नावं त्यांच्या ब्रशाने लिहिलेली. मग फ्लेक्स आले आणि पाट्या उतरल्या. कुणाची पाटी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून बसली, कुणाच्या पाटीवर पापड वाळले. दोन वर्षांपूर्वी नानाही गेले. आता मावशी त्यांचं एकेक अक्षर गोळा करून त्याचा फॉन्ट बनवत होती. "उद्या तुला माझा मेसेज येईल ना, तो नानांच्या अक्षरात येईल," ती म्हणायची. ते ऐकलं की आचल पाटीवरची धूळ आणखी जपून पुसायची.

नानांची कामाची एक रीत होती. आधी सगळी अक्षरं नुसती लटकती लिहायची, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, पण दोरीच नसलेली. मालक आला, नारळ फुटला, की मग नाना ब्रश रंगात बुडवायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि डोक्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचे. मध्ये श्वास सोडायचा नाही. टोकाला ब्रश जरासा वर उडायचा, मांजरीच्या शेपटीसारखा. मग ते स्टुलावर बसून धापा टाकायचे, हसायचे आणि काळ्या रंगाचं बोट छोट्या आचलच्या नाकाला लावायचे. "नजर नको लागो माह्या पोरीले!"

आणि मालक वारला, दुकान उठलं, तर तीच रेघ खरवडून काढायची. त्याला ते 'नाव मोकळं करणं' म्हणत.

घराच्या दाराशेजारची पाटीही नानांचीच. बबनराव म्हणजे नाना स्वतः, मग आचलचे बाबा प्रफुल, आई इंदिरा, मग इला, आचल. मावशी पुण्याला गेली तेव्हा तिचं नाव ठेवायचं का, असा विषय निघाला होता. नाना म्हणाले होते, "पोरगी गेली पुन्याले. नाव काऊन जाईन?" नानांच्या तेराव्याला त्यांचे जुने जोडीदार बंडूजी आले, चहासुद्धा न घेता त्यांनी पात्याने 'बबनराव'वरची रेघ खरवडली आणि डोळे पुसत निघून गेले. तेव्हापासून ती पाच अक्षरं सुटी सुटी उभी होती. आचलला शाळेतून येताना तिकडे बघवत नसे.

मावशीलाही बघवलं नाही.

"फॉन्टच्या पहिल्या पानावर या पाटीचा फोटो हवाय," एका सकाळी ती म्हणाली. "आणि नानांचं नाव असं तुटकं? मी नाही देणार."

"मावशी, ते मोकळं केलंय ना..."

"अगं, मी रोज हेच काम करते. त्यांचाच ब्रश, त्यांचाच हात शिकलेय." मावशीने माळ्यावरचा डबा काढला, काळा ऑइल पेंट ढवळला आणि छाती भरून श्वास घेतला.

रेघ सरळ गेली. अगदी सरळ. टोकाला ब्रश वर उडाला.

मावशी हाताकडे बघत राहिली. "शेपटी मी नाही केली गं. मी तर थांबवला होता हात."

दोघी हसल्या. आचलने फोटो काढला. पाचही नावं दोरीवर नीट बसली होती आणि घर कसं पूर्ण वाटत होतं.

मावशी ब्रश धुवायला विसरली. दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेरच्या नानांच्या स्टुलावर धुतलेला सापडला. केसांना खोबरेल लावून टोक काढलेलं, वर पेपरची टोपी. नाना ठेवायचे तसा.

"आई, तू धुतलास?"

"मले येते का थे?" आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. मग दारापर्यंत आली आणि ब्रश नाकाशी नेला. "खोबरेलचा वास येऊन राह्यला," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन नानांच्या आवडीचा झुणका टाकला.

ते दिवस छान होते, हे सांगायलाच हवं. दुपारी कूलरच्या वाळ्याच्या वासात टर्पेंटाइनचा वास मिसळायचा. बाहेरच्या स्टुलाची कुरकुर ऐकू यायची. कुणी घाबरलं नाही. उलट आई दुपारी दार किंचित उघडं ठेवायला लागली.

मग त्या गिरडला गेल्या. टेकडीखालच्या एका जुन्या दुकानावर नानांची पाटी शाबूत आहे, असं कळलं होतं. पाटी मिळाली. फोटो झाले. मावशी खुशीत म्हणाली, "चल, वर दर्ग्यापर्यंत जाऊन येऊ." पुण्यात रोज सकाळी टेकडी चढणारी बाई ती! पण थोड्याच पायऱ्या चढली आणि बसली. तोंड उघडं, हात छातीवर.

"ऊन," ती म्हणाली. एका श्वासात तेवढंच मावलं.

घरी आल्यावर आचलने तिला हाताला धरून आत नेलं. जाता जाता तिची नजर पाटीवर गेली.

'इला'मधल्या शेवटच्या कान्यावर रेघ नव्हती.

रंग उडाल्यावर असते तशी खपली नव्हती, ओरखडा नव्हता. रेघ तिथे येऊन संपली होती, एवढंच. बाकीच्या चार नावांना धक्का नव्हता. 'बबनराव' तर काळं कुळकुळीत, ओल्यासारखं चमकत होतं.

"जुना रंग आहे, उडणारच," मावशी म्हणाली. डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, काही सापडलं नाही. पाणी प्या म्हणाले.

पुढे 'ल'वरची रेघ गेली. मावशी आता बोलताना मध्येच थांबायची. लॅपटॉपवर नानांचा 'अ' अर्धवट उघडा असायचा आणि ती उशीला टेकून कूलरकडे तोंड करून पडलेली असायची.

आचलने बंडूजींना फोन केला. ते गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन हसत आले. "काय वं पोरी, लय मोठी झाली!" मग त्यांनी पाटी पाहिली. चप्पल काढायला उचललेला पाय त्यांनी परत खाली ठेवला.

"कोनं वढली थे?"

"मावशीनं."

"एका दमात?"

"हो."

बंडूजींनी पुडा तिच्या हातात दिला. "रेघ दमावर राह्यते बाप्पा. आमी मालकाले काऊन उभं करत होतो मंग? मालक नसन, त वढनाऱ्याचा दम जाते."

"म्हणजे काय, बंडूजी?"

"मले नको इचारू." ते मागे सरकले. "मी एक डाव मोकळं केलं त्याले. माह्या हातून दुसऱ्यांदा नाई होनार. घरच्यानंच करा लागीन."

"तुम्ही आत तरी या ना!"

बंडूजींनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, तिथे कुणी बसलेलं असावं तसा नमस्कार केला आणि गेले.

दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आई मावशीच्या उशाशी बसून वारा घालत होती. आचल दाराबाहेर आली आणि पाटीसमोर उभी राहिली.

'इ'च्या डोक्यावर रेघेचा तुकडा उरला होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

तिच्या हातात नानांच्या सामानातलं पातं होतं. ते चालवलं की टर्पेंटाइनचा वास जाणार होता. स्टूल कुरकुरणार नव्हतं. आई दार उघडं ठेवणार नव्हती. दोन वर्षं तिने मनातल्या मनात बंडूजींना शिव्या दिल्या होत्या, आणि आता तिला त्यांच्याच जागी उभं राहायचं होतं.

आतून मावशीचा श्वास ऐकू आला. मग ऐकू आला नाही.

"नाना," आचल म्हणाली, "रागवू नका हं."

तिने पातं लावलं.

वाळलेला रंग खरवडावा लागतो. हा लागला नाही. पात्यावर तो सायीसारखा गोळा होत आला. व. रा. न. ब. ब.

पाचही अक्षरं मोकळी झाली.

आत मावशी खोकली. "ताई, पाणी दे गं! आणि केवढी भूक लागलीये मला!" आवाज खणखणीत होता. आई हसली की रडली, ते कळलं नाही.

आचलने 'इला'कडे पाहिलं.

रेघ पूर्ण होती. ओली होती. कान्याच्या टोकाला मांजरीची शेपटी वर उडालेली.

रंगाचा डबा माळ्यावर बंद होता.

तिच्या मागे स्टूल कुरकुरलं. कुणीतरी धापा टाकत होतं, लांब रेघ ओढून झाल्यावर टाकतात तशा. आचल वळली नाही. डोळे मिटून ती ऐकत राहिली. धापा हळूहळू लहान होत गेल्या. मग थांबल्या.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिने पाटी पाहिली नाही. ती आचलच्या तोंडाकडे बघत होती.

"आचल," ती हळूच म्हणाली, "तुह्या नाकाले काळं कोनं लावलं?"