मिस्त्रीची पाचर

दिवा चालूच राहू दे. आणि मधे कुणी खिदळायचं नाही. माझ्या शेजारच्या दुकानातल्या सुतारमिस्त्रीची गोष्ट आहे, खोटी निघाली तर माझं नाव बदला.

मिस्त्रीला तोंडाचा कॅन्सर झाला. गाठ इतकी वाढलेली, की डॉक्टर म्हणाले, "लगेच कापता येणार नाही. आधी केमोचे तीन डोस. गाठ आकसली तर ऑपरेशन." तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. तोंड किती उघडतं ते मोजायला पठ्ठ्याने सागाची पाचर तासली. प्रत्येक डोसनंतर ती दातांत सरकवायची, अडेल तिथे पेन्सिलची रेघ. दोन डोसांत रेघ चांगली पुढे गेली. पण केस गेले, उलट्यांनी माणूस पिळून निघाला. "तिसरा नको," असं तो वहिनींना म्हणायला लागला होता.

अकरा डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेबारा. सकाळी सातला तिसरा डोस आणि रिपोर्टांची फाइल दुकानात राहिलेली. वहिनींनी पिटाळलं म्हणून तो आणायला गेला. शटर उचललं, दिवा लावला. फाइल टेबलावर होती, वर पाचर. दोन्ही उचलली.

मागे रंधा चालला... खर्र... खर्र...

बाकावर खिडकी बसला होता. खिडकी म्हणजे त्याचा जुना भागीदार. पुढचा एक दात नव्हता, म्हणून ते नाव. दोघांनी वीस वर्षं एका डबीतली तंबाखू खाल्ली. याच रोगाने तो दोन वर्षांपूर्वी गेला. पहिल्या डोसनंतर दवाखान्याकडे फिरकलाच नव्हता.

हातात तीच डबी.

"घे रे चिमूटभर. उद्या जाऊ नकोस. मी तरी कुठं गेलो?"

मिस्त्रीने फाइल छातीशी धरली.

"त्रास होतो ना?"

"...होतो."

"मग चल..."

तो उठला. जवळ आला. अजून जवळ. श्वास नाही. नुसता गारवा. तोंड उघडलं... उघडतच गेलं...

मिस्त्रीचं डोकं सटकलं. "तुझ्या नादाने तोंडाची वाट लागली! मेल्यावरही अक्कल शिकवतोस? जा, मी नाही येत!" आणि हातातली पाचर त्याने खिडकीच्या जबड्यात ठोकली.

दिवा गेला.

आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. पाचर तेवढी जमिनीवर पडलेली.

सकाळी सातला मिस्त्री दवाखान्यात हजर. गाठ आकसली, ऑपरेशन झालं. आता बोलतो बोबडं, पण शिव्या अगदी स्पष्ट देतो.

पाचर त्याने मला देऊन टाकली. ही बघा. या रेघा मिस्त्रीच्या. आणि इथे, पार जाड टोकाला, दातांचे ठसे... बोट फिरवून बघा. मधला एक नाही.