विमलाचं सातवं प्रकरण

ही २०२३ सालची गोष्ट. जानेवारी संपत आला होता. विमला सावंतचं आत्मचरित्र छापून मुलुंडच्या घरी येऊन पडलं होतं. दोनशे प्रती, सहा खोकी. दोन प्रकाशकांनी नकार दिल्यावर तिनं तिसऱ्याला विचारलंच नाही. स्वतःच छापून घेतलं.

शनिवारी सकाळी अंधेरीच्या गावठाणात विमलाच्या जुन्या शेजारणीचा, मेबल परेराचा फोन वाजला.

"मेबल, सातवं प्रकरण नाही गं."

"नाही म्हणजे? पानं गळाली?"

"पानं सलग आहेत. प्रकरणच नाही. आणि उद्या प्रकाशन."

मेबलनं डोळे मिटले. बहात्तराव्या वर्षी, असल्या गुडघ्यांनी मुलुंड म्हणजे शिक्षाच. पण बत्तीस वर्षं तिनं पोलीस ठाण्यात जबाब टाइप केले होते आणि विमलाच्या पुस्तकाची वहीसुद्धा तिनंच टाइप केली होती. सातव्या प्रकरणात काय आहे, हे विमलाखेरीज आपल्यालाच ठाऊक आहे, असं ती धरून होती.

१९८६ साली विमलाचा नवरा काशीराम कामाला होता ती गिरणी बंद होती. घरात सात माणसं, त्यात पाच वर्षांचा मुलगा, निलेश. एका सकाळी विमला उठून निघून गेली. कुणा पुरुषासाठी नाही. ती नुसती दमली होती. माहुलला एका कोळणीच्या खोलीत राहून तिनं अकरा महिने सुकी मासळी निवडली आणि मग परत आली. निलेशला सांगितलं होतं, आई क्षयाच्या इस्पितळात आहे. चाळीत शेजारी राहून मेबलनंही वही हाती येईपर्यंत तेच खरं धरलं होतं. काशीराम शेवटपर्यंत तेच सांगत गेला.

तोंडानं मुलाला सांगवेना, म्हणून विमलानं पुस्तक लिहायला घेतलं. बाकीची सोळा प्रकरणं या एका प्रकरणासाठी होती.

मेबल आधी अंधेरीतल्याच औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात गेली. पानं लावणारी मानसी डबा उघडून बसली होती.

"प्रकरण कुणी काढलं?"

"मी कशाला काढू, आंटी? मंगळवारी काकूंनी प्रूफावर सही दिली. गुरुवारी दुपारी त्यांच्याच मेलवरून नवी फाईल आली. हीच शेवटची धरा, म्हणून."

"फोन करून विचारलं नाहीस?"

"स्वतः पुस्तक काढणारे शेवटच्या दिवशी काहीतरी काढतातच. कुणी जावेला काढतं, कुणी साहेबाला. किती जणांना विचारू?"

रिक्षात मेबलनं मानसीकडची प्रत उघडली. अनुक्रमणिका नीट केलेली होती. पुढच्या एका प्रकरणात माहुलचा उल्लेख होता, तोही गेला होता. सहाव्याच्या शेवटी मात्र तिनं कधीच न टाइप केलेलं वाक्य होतं. 'त्या सालचा आमचा पाच दिवसांचा गणपती बोळवून मी पुन्हा घरकामाला लागले.'

ती पुटपुटली, "शहाणं माणूस आहे. सांधासुद्धा मारलाय."

विमलाच्या हातचे मोदक तिला आठवले. चाळीत असताना मेबल त्या मोदकांसाठी हटकून रजा टाकायची. एकदा तिसऱ्या दिवशी पोचली, तर मखरसुद्धा काढून ठेवलेलं.

मुलुंडला विमला खोक्यांकडे पाठ करून बसली होती. सून श्वेतानं चहा आणला.

"तुझ्या सासूचं मेल कुठं कुठं उघडतं गं?"

"घरच्या कॉम्प्युटरवर, आंटी. आमच्या दोघांच्या फोनवरही. आईंना ओटीपी जमत नाही ना."

"गुरुवारी दुपारी घरी कोण होतं?"

"आम्ही दोघंही. गुरुवारी घरूनच काम असतं."

"दमत असशील. माहेरी जाणं होतं की नाही?"

"गणपतीत होतं. इथलं विसर्जन झालं की वेंगुर्ल्याला पळायचं. तिकडच्या आरत्या तरी मिळतात."

मेबलनं कप खाली ठेवला. तेवढ्यात दारात उभा असलेला निलेश म्हणाला, "बस झालं, आंटी. मी काढलं."

विमलानं मान वर केली. "तू? का रे?"

"आई, तू इस्पितळात काय काय सोसलंस ते लोकांपुढं कशाला? मला नाही आवडलं."

श्वेता ट्रे धरून तशीच उभी राहिली.

मेबल म्हणाली, "निलेश, तू ते प्रकरण वाचलेलंच नाहीस."

"कशावरून?"

मेबलनं विमलाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला तिथून उठून घरी जावंसं वाटत होतं.

"बोल गं," विमला म्हणाली. "आता थांबू नकोस."

"कारण त्यात इस्पितळ नाही."

निलेशचा चेहरा कोरा झाला. मेबल सावकाश पुढं बोलत राहिली.

"चोरानं पुस्तक नीट वाचून दुरुस्त केलंय, म्हणजे घरातलंच. पण सांधा मारताना त्यानं पाच दिवसांचा गणपती लिहिला. या घरात तो दीड दिवसाचा. तू त्यातच वाढलास, तुझ्या हातून ही चूक होणार नाही. आपला गणपती किती दिवसांचा, हे लहानपणीच अंगात मुरतं. श्वेता, इथलं विसर्जन झाल्यावरही तुझ्या माहेरी आरत्या चालू असतात, म्हणजे तिकडचा गणपती जास्त दिवसांचा. तुझ्या नवऱ्याला गुरुवारी तू कॉम्प्युटरवर दिसलीस. म्हणून तो आळ अंगावर घेतोय."

श्वेतानं ट्रे टेकवला. "हो. मी केलं." मग विमलाकडे वळली. "आई, हा जिथं तिथं सांगतो, माझी आई माझ्यासाठी मरणातून उठून आली. ते मी कसं मोडू द्यायचं?"

"ते मोडायलाच मी तीन वर्षं लिहीत होते गं," विमला म्हणाली.

तिनं उशाखालची वही काढून निलेशच्या हातात दिली. तो ती घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

प्रकाशन महिनाभर पुढं गेलं. मानसीनं सातवं प्रकरण वेगळं छापलं आणि श्वेतानं स्वतः बसून ते दोनशे प्रतींत चिकटवलं. मानसी आता लेखकांना फोन केल्याशिवाय फाईल घेत नाही. मेबलचा एक गुडघा बदलून झाला, दुसऱ्याला ती तयार नाही. पुस्तकाच्या एकशेचाळीस प्रती गेल्या, बाकीच्या माळ्यावर आहेत.

निलेश तीन आठवडे आईशी बोलला नाही. एका रविवारी तो कुणाला न सांगता माहुलला जाऊन आला. दुपारी तिच्याजवळ येऊन बसला.

"तिथं झोप लागायची का गं तुला?"

"लागायची रे," विमला म्हणाली. "पहिले दोन महिने कामावरून आले की नुसती झोपायचेच."