फर्झीनचा सिग्नल

गोष्ट रचायचीच असती, तर मी हिच्यापेक्षा बरी रचली असती. ही घडलेली आहे. गेल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, तेहरानच्या उत्तरेला शमशकच्या वरच्या दरीत. मी तिथे होतो.

त्याच्या आदल्या वर्षी त्याच दरीत माझा भाऊ फर्झीन कोसळत्या बर्फाखाली गाडला गेला. सोबत फक्त आमच्या गटाचा म्होरक्या हूशंग होता. खाली येऊन तो म्हणाला, "तासभर शोधलं. सिग्नलच नव्हता. पठ्ठ्याने यंत्र चालूच केलं नसणार."

बर्फात जाताना प्रत्येकाच्या छातीशी सिग्नल देणारं यंत्र बांधलेलं असतं. गाडलेला माणूस त्यावरूनच सापडतो; तेच यंत्र शोधायला लावलं की ते दुसऱ्याचा सिग्नल पकडून वाजतं. फर्झीन ते विसरेल? झोपण्याआधी गॅस दोनदा तपासणारा माणूस तो.

पण मेलेल्याची बाजू कोण घेणार? त्याची बायको गोलनार वर्षभर लोकांकडून एकच ऐकत होती. निष्काळजीपणा नडला बिचाऱ्याला.

वर्ष झालं तेव्हा गोलनार, हूशंग, मी आणि दोघे मित्र, असे आम्ही पाच जण हलवा घेऊन तिथे निघालो. डोंगरात गेलेल्या माणसासाठी आमच्यात तशी रीतच आहे.

निघताना यंत्रं तपासायची असतात. एकाने आपलं यंत्र शोधायला लावून उभं राहायचं, बाकीच्यांनी समोरून जायचं. मी उभा राहिलो. एकेक जण गेला, प्रत्येकाला यंत्र वाजलं. सगळे बरेच वर पोचले.

आणि मग...

यंत्र पुन्हा वाजलं.

पडद्यावर अंतर कमी होत होतं. वीस मीटर. दहा. दोन.

समोर कुणीच नव्हतं. नुसतं धुकं.

"यंत्र म्हातारं झालं रे, बहरोज जान. तुझ्यासारखंच," हूशंग वरून हसला.

मी यंत्र परत सिग्नल पाठवायला लावलं आणि त्यांच्या मागे निघालो.

पुढे तो उतार आला. जुन्या टणक थरावर वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ. पाय ठेवला की आत खोल कुठेतरी... धुम्म. असा उतार कधीही निसटतो.

"परत फिरू या, आगा," मी म्हणालो.

"गोलनार खानमला तिथवर नेतो म्हणालोय. एकेकाने यायचं, माझ्याच वाटेने. वाट सोडली तर मेलात."

तो पुढे गेला. मध्यावर थांबला.

टिक... टिक... टिक...

त्याच्या छातीवरून. सिग्नल पाठवणारं यंत्र असं कधीच वाजत नाही. आम्हाला ते काठावर ऐकू येत होतं.

हूशंग वळला. चेहरा पांढराफटक. तो आमच्याकडे बघत नव्हता.

"बंद कर ते," तो पुटपुटला. मग ओरडला, "फर्झीन, बंद कर! ऐकलं होतं मी त्या दिवशी! घाबरलो रे... पळालो मी!"

आणि तो पुन्हा पळाला. वाट सोडून, सरळ खाली.

उताराला आडवी चीर गेली. सगळा बर्फ त्याला घेऊन निघून गेला.

आम्ही खाली उतरलो आणि यंत्रं शोधायला लावली. माझं आणि दोघा मित्रांचं, तिन्ही एकाच जागी ओरडत होती. आम्ही फावडी मारली. कंबरभर खणलं, छातीभर खणलं. यंत्रं म्हणत होती, इथेच.

तिथे फक्त बर्फ होता.

त्याच्या आधीच्या वसंतात बर्फ वितळल्यावर फर्झीन ह्याच जागी सापडला होता.

मग आवाज एकदम थांबला. दुसराच सिग्नल लागला, पार पलीकडे. तिथे हूशंग मेलेला सापडला. श्वास गोठून तोंडावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, म्हणजे आत तो बराच वेळ जिवंत होता. त्याचं यंत्र चालू होतं, अगदी व्यवस्थित.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

फक्त एका गोष्टीने मला झोप लागत नाही. आम्ही तिकडे खणत होतो, तो सगळा वेळ गोलनार हूशंग गाडला गेला होता नेमक्या त्याच जागेवर उभी होती. हातात यंत्र धरून, एक शब्दही न बोलता. आम्ही पोचलो तेव्हा ती हळूच बाजूला सरकली.

तिच्या यंत्रावर काय दिसत होतं, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.