घरचा माणूस

खुर्ची जरा इकडे घ्या. त्या भिंतीला पाठ नको... हं, आता बसा.

घर घेताना लोक खिडक्या बघतात, ऊन बघतात आणि भाळतात. आम्हाला भाळून चालणार नव्हतं. माझ्या बायकोला दमा होता. घरात जराशी ओल असली तरी तिची छाती वाजायची, ती रात्रभर उशीला टेकून बसायची. आणखी एक हिवाळा ओलीत काढला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हा घर तपासणारा माणूस चोख हवा होता. दलालाने आपला तपासनीस पुढे केला, मी लांबूनच हात जोडले. शोधून शोधून एक खडूस म्हातारा गाठला. त्याच्या तोंडापायी कितीतरी सौदे मोडले होते आणि शहरातले सगळे दलाल त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मला यापेक्षा मोठी शिफारस नको होती.

ठरलेल्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको पोहोचलो. कुलूप मीच काढलं. आत थंड चुन्याचा वास होता आणि कुठूनतरी टक टक ऐकू येत होतं. घरातल्या बोळात एक किडकिडीत माणूस भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने ठोकत होता. मागच्या दाराने आला असेल, असं मी धरून चाललो.

"दलालाने पाठवलं वाटतं?" मी विचारलं.

"मी घरचाच," तो हळूच म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. नको नको म्हणताना दलालाने आपला माणूस घुसवलाच. पण बायकोने कोपराने ढोसलं. "ऐकू तरी काय म्हणतो ते. तुमचा म्हातारा येईपर्यंत नुसतं उभं राहून काय करायचं?"

त्याने आम्हाला बोळाच्या टोकाच्या खोलीत नेलं. खोली लहान, खिडकी नाही.

"वहिनी, इथे उभ्या राहा. आता श्वास घ्या."

तिने घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "अहो... छाती वाजत नाहीये."

खरं सांगतो, त्या क्षणी दलालाचे शंभर अपराध मी पोटात घातले असते, इतका आनंद झाला मला.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. "तुम्ही बघा कोण आहे ते," तो म्हणाला. "मी थांबतो वहिनींजवळ."

दारात माझा म्हातारा उभा होता, हातात लाकडी हातोडी. मी हसत म्हटलं, "दलालाचा माणूस तुमच्या आधी हजर आहे."

"कुठला? दलाल आत्ताच कोपऱ्यावर भेटला. तुमच्यावर रुसलाय तो. कोणालाही पाठवलेलं नाही त्याने."

मी धावलो. बोळ भिंतीशी संपत होता. खोली नव्हती, दारही नव्हतं. मी तिला हाका मारत सुटलो. म्हाताऱ्याने हातोडीने सगळी भिंत ठोकून पाहिली.

"भरीव आहे. इथे खोली कधी नव्हतीच." मग त्याने कान लावला आणि तसाच राहिला. "आत... श्वास चाललाय कोणाचा तरी."

मी ऐकला. तिचाच होता, सावकाश आणि मोकळा. इतक्या वर्षांच्या संसारात तो तसा मी कधी ऐकला नव्हता.

पोलिसांनी भिंत फोडली. विटा निघाल्या, विटांमागे माती. भिंत पुन्हा बांधून मी हेच घर घेतलं. सासरच्यांनी बोलणं टाकलं, ऑफिसात लोक कुजबुजतात. कुजबुजू देत. तिला इथे एकटी टाकून मी कुठे जाऊ?

म्हातारा अधूनमधून येतो, भिंत ठोकतो आणि "भरीव" म्हणून निघून जातो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलणं त्याला जमत नाही, म्हणूनच मी त्याला बोलावतो. काल मात्र त्याने एकाच जागी बराच वेळ ठोकलं.

"पोकळ वाजतेय," तो म्हणाला. "आत जागा झालीय... एका माणसापुरती."

"ओल?" मी विचारलं.

त्याने हातोडी पिशवीत टाकली. माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "कोरडी ठक्क आहे."